प्रमाण नाही

चित्रकलेच्या मास्तराने भूगोलात लुडबूड करावी असे खरे म्हणजे काही कारण नव्हते. पण २०२० साली अनेक गोष्टी कारणाशिवाय घडल्या, त्यांतलीच ही एक. त्या वर्षी दहावीच्या परीक्षेचा शेवटचा मोठा पेपर तेवढा राहिला होता, भूगोलाचा. तो २३ मार्चला व्हायचा होता. तो आधी पुढे ढकलला गेला, मग टाळेबंदी आली, आणि एप्रिलात तो रद्दच झाला. इतर विषयांच्या सरासरीने मुलांना गुण मिळाले. आमच्या भूगोलाच्या बाई फार हिरमुसल्या. सगळे जग दाराआड जाऊन बसले असताना नेमका भूगोलच रद्द व्हावा, याची मला मात्र त्या वेळी गंमत वाटली होती. गंमत वाटावी इतका मी तेव्हा सुरक्षित होतो.

जूनमध्ये शाळा सुरू झाली ती फोनवर. गणित, इंग्रजी, विज्ञान यांचे तास लागल्यावर उरलेला आठवड्यातला अर्धा तास चित्रकलेच्या वाट्याला आला. मुलांकडे रंग नव्हते, चित्रकलेच्या वह्या नव्हत्या, कित्येक घरांत फोनही एकच होता आणि तो वडिलांच्या खिशात असे. तेव्हा मी सहावीच्या वर्गाला सांगितले, "आपापल्या घराचा नकाशा काढा. वहीचे मागचे पान चालेल, कॅलेंडरची पाठकोरी बाजू चालेल. काढा, फोटो घ्या आणि पाठवा." यात काही उदात्त हेतू होता असे आज म्हणणे सोयीचे आहे, पण तसा तो नव्हता. पेन्सिल प्रत्येक घरात सापडते, एवढाच माझा विचार होता. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे चित्रकलेच्या परीक्षा दिल्या म्हणून शाळेत चिकटलो, आणि शाळेच्या वेळाबाहेर कादंबऱ्या लिहिल्या म्हणून लेखकांत. नकाशाचे शास्त्र मला येत नव्हते आणि आजही येत नाही.

आमची शाळा मुंबईच्या गिरणगावातली. मुले चाळींतली. शंभर वर्षांपूर्वीच्या बी.डी.डी. चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. आमची बरीच मुले अशाच किंवा याहून लहान खोल्यांत राहतात. तेव्हा नकाशे कसे येणार हे मी मनाशी ठरवूनच टाकले होते : एक चौकोन, त्यात एका कोपऱ्यात मोरी, दुसऱ्या कोपऱ्यात ओटा, एक पलंग, एक कपाट, बाहेर सामायिक गॅलरी. एक पाहिला की चाळीस पाहिले.

आले ते निराळेच. एका मुलाने कागदभर पलंग काढला होता. खोली नाहीच, नुसता पलंग, आणि तोही खालून पाहिलेला. पलंगाखाली एक ट्रंक, एक सतरंजी, बॅटरीचा दिवा, गोष्टीची दोन पुस्तके आणि एक बाण : "माझे घर". एका मुलीने एकाच खोलीचे चार नकाशे काढले. सकाळचा, दुपारचा, संध्याकाळचा, रात्रीचा. खोली तीच, पण प्रत्येक वेळी कोण कुठे आहे ते निराळे, आणि ती स्वतः दुपारच्या नकाशात कुठेच नव्हती. मी विचारले, "दुपारी तू कुठे?" ती म्हणाली, "दुपारी काका झोपतात, सर. मी जिन्यात असते." एकाने खिडकी खोलीच्या दुप्पट मोठी काढली होती. आणि एकाने तर मुंबईतली खोली काढलीच नव्हती. त्याने रत्नागिरी जिल्ह्यातले आपल्या आजोबांचे घर काढले होते : ओटी, पडवी, माजघर, मागे विहीर, विहिरीशी रामफळाचे झाड. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात आगपेटीएवढा एक चौकोन होता आणि त्यात लिहिले होते, "सध्या इथे."

त्या मुलाला मी काय सांगणार? कोकणातल्या चाकरमान्याची भाषाच अशी आहे. मुंबईत त्याची असते ती 'खोली', 'घर' गावाला. तीन पिढ्या खोलीत जन्मतात, खोलीत मरतात, तरी घर गावालाच असते. आणि त्या वर्षी त्याच घराच्या वेशीवर मुंबईकराला अडवले जात होते. गणपतीला जायचे तर आधी दहा दिवस अलगीकरणात राहा, असा हुकूम होता. म्हणजे ज्या जागेत तो मुलगा होता ते त्याचे घर नव्हते, आणि जे त्याचे घर होते तिथे त्याला सहज जाता येत नव्हते. "घरीच राहा" असे फोन लावला की रोज ऐकू येई. ते वाक्य बोलणाऱ्याच्या मनात एक घर होते. ऐकणाऱ्यांच्या मनात अनेक होती.

मराठीत 'घर' हा शब्द आपण फार सैल हाताने वापरतो. सोंगटीला घर असते, ग्रहाला कुंडलीत घर असते, चष्म्याला घर असते, दुःखसुद्धा मनात घर करते. ज्याला जिथे बसता येते, आणि बसल्यावर कुणी उठवत नाही, ते त्याचे घर, असा काहीसा अर्थ या सगळ्यांच्या मुळाशी आहे. मुलांनी तोच अर्थ धरला होता. मी भिंती मागितल्या होत्या; त्यांनी बसायच्या जागा दाखवल्या.

मी मात्र मास्तर. मास्तराच्या हातात लाल शाई असली की ती वापरल्यावाचून त्याला राहवत नाही, फोनवरसुद्धा. नकाशाला शीर्षक हवे, दिशा हवी, सूची हवी, प्रमाण हवे, असे भूगोलाच्या पुस्तकात असते हे मला ऐकून ठाऊक होते. मी एकामागून एक फोटो उघडले आणि प्रत्येकावर लाल अक्षरांत लिहीत गेलो : "प्रमाण नाही." पलंगवाल्याला, खिडकीवाल्याला, रत्नागिरीच्या त्या मुलाला, सगळ्यांना. प्रमाण नाही, प्रमाण नाही.

पुढे कित्येक दिवसांनी या शब्दाने मला धरले. आपल्याकडे प्रमाण म्हणजे माप. एक सेंटिमीटरला एक मीटर, या अर्थी. पण आपल्या जुन्या तर्कशास्त्रात प्रमाण म्हणजे ज्ञानाचे साधन. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही नैयायिकांची चार प्रमाणे. एखादी गोष्ट खरी आहे हे ज्याच्या आधाराने कळते ते प्रमाण. तेव्हा त्या मुलांच्या कागदांवर मी जे लिहिले त्याचा एक अर्थ असा होत होता : तुझ्या सांगण्याला पुरावा नाही.

या विषयावर मोठ्या माणसांनी विचार केलेला आहे. स्वित्झर्लंडमधले मानसशास्त्रज्ञ झां पियाजे आणि त्यांच्या सहकारी बार्बेल इनहेल्डर यांनी १९४८ साली मुलांच्या अवकाशाच्या कल्पनेवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की मुलाला आधी कळते ते शेजार, आत-बाहेर, आणि कशानंतर काय हे. अंतर, कोन, माप या गोष्टी मागाहून येतात. हे मला पटते, पण पुरते पटत नाही. कारण आमची मुले अकरा-बारा वर्षांची होती. पट्टीने रेघ मारणे त्यांना चांगले येत होते. जिने खोलीचे चार प्रहर काढले, तिने चारही चौकोन पट्टीने मोजून अगदी सारखे काढले होते. तिला माप येत नव्हते असे नाही. जे सांगायचे ते मापात येत नव्हते.

तथापि मापाची कुचेष्टा करण्यातही अर्थ नाही. आपण लेखक मंडळी ती फार लवकर करतो. १८०२ साली विल्यम लँब्टन या इंग्रज अधिकाऱ्याने मद्रासजवळ पोलादी साखळीने जमिनीवर एक रेघ मोजली आणि तिथून त्रिकोणामागे त्रिकोण जोडत सगळा देश मोजण्याचे काम सुरू झाले. ते राज्यकर्त्यांच्या सोयीचे होते यात शंका नाही. पण मोजलेल्या नकाशाचा एक मोठा गुण असा की तो राजाच्या वाड्याला आणि रंकाच्या झोपडीला एकच पट्टी लावतो. १६० चौरस फूट हा आकडाही मोजणीतून आलेला आहे, आणि सहा जणांनी एकमेकांपासून सहा-सहा फूट अंतर राखावे हा उपदेश त्या आकड्यापुढे ठेवला की उपदेशाचे काय होते हे सांगायला कवी लागत नाही. हे मुलांच्या नकाशांतून दिसत नव्हते. त्यांत खोली लहान असल्याची तक्रारच नव्हती. जन्मापासून जी पाहिली ती खोली लहान आहे हे मुलाला दुसरी पाहिल्याशिवाय कळत नाही.

हे सगळे विचार मला पुढे सुचले. आता त्या मुलीविषयी सांगतो. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. कोणते ते सांगणार नाही.

तिचा नकाशा सर्वांत उशिरा आला आणि तो पाहून मी खूश झालो. शीर्षक होते. उत्तर दिशेचा बाण होता. चौकटीत नीट सूचीसुद्धा होती. त्या वर्षी मेच्या आरंभी सरकारने जिल्ह्यांचे लाल, नारिंगी आणि हिरवे असे विभाग केले होते. दूरदर्शनच्या पडद्यावर दिवसभर तेच रंगीत नकाशे असत. तिने ती कल्पना उचलली होती. खोलीचा दाराजवळचा भाग, पलंग आणि टीव्हीसमोरची जागा लाल. ओट्यापाशी नारिंगी. आणि मोरी हिरवी. मोरी फार मोठी काढलेली होती, जवळजवळ निम्मी खोली, तिला दार, आणि दाराला आतून कडी, अगदी कोयंड्यासकट. सूचीत लिहिले होते : "लाल – बाबा जागे असताना जाऊ नये. नारिंगी – आई असेल तर चालेल. हिरवे – केव्हाही."

मी ते वाचले. वाचले आणि मला दिसली ती सूची. चाळीस मुलांत एकीने सूची केली होती! मी खाली लिहिले, "शाब्बास. नकाशा असा असावा." आणि तो फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर मुले नव्हती. मुलांचे आईबाप होते.

रात्री तिच्या आईचा फोन आला. ती रागावली असती तर मला बरे वाटले असते. ती हळू बोलत होती, बहुधा मोरीतूनच. म्हणाली, "सर, ते चित्र तेवढं काढून टाकाल का? सगळ्यांनी बघितलं." एवढेच. मी काढून टाकले. पण नळाखालच्या बादलीतले पाणी उपसावे आणि नळ चालूच असावा, तसे ते होते. तोवर त्याच मजल्यावरच्या चार घरांनी ते पाहिले होते.

त्या रात्री माझ्या ध्यानात आले की मी तो कागद चित्र म्हणून पाहिला होता. मुलांच्या चित्रांविषयी आपल्या शिक्षकी धंद्यात एक गोड बोलण्याची रीत आहे. मूल आपले मन कागदावर उतरवते, चित्र हा मनाचा आरसा, वगैरे. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला मी स्वतः हे पुष्कळदा बोललो आहे. पण मी चित्र मागितलेच नव्हते. नकाशा मागितला होता, आणि तिने नकाशा दिला होता. नकाशा भावना व्यक्त करायला काढत नाहीत. वाट सापडावी म्हणून काढतात. कुठे खडक आहे, कुठे उतार आहे, कुठून जाऊ नये हे पुढच्याला कळावे म्हणून काढतात. पलंगाखालचा मुलगा, जिन्यातली मुलगी, ही सर्व मुले मला काही तरी कळवत होती, आणि मी 'प्रमाण नाही' असे लिहून ती पत्रे परत पाठवत होतो. जे एक पत्र मला शुद्धलेखनासाठी आवडले, ते मी चव्हाट्यावर लावले.

घरात शिरण्याचा अधिकार कुणाला, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा रँडच्या हुकमाने गोरे शिपाई घरोघर तपासणीला शिरले. लोक संतापले ते रोग शोधला जातो म्हणून नव्हे. माजघरात, देवघरात, चुलीपाशी बूट घालून माणसे येतात म्हणून. त्याच वर्षी २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. आम्ही २०२० साली बूट घातले नव्हते. आम्ही फोनमधून शिरलो, शिक्षणाचे नाव घेऊन, आणि कुणी हरकत घेतली नाही. नाही म्हणायला एक मुलगा वर्षभर आपला कॅमेरा छताच्या पंख्याकडे लावून बसत असे. मी त्याला दोनदा रागावलो होतो. त्याचे काय चुकत होते ते आज मला सांगता येणार नाही.

पण तुम्ही म्हणाल, न पाहणे हा यावर उपाय आहे का? लाल भागात काय होते ते तुम्हाला कळले. मग नुसते चित्र काढून टाकून हात धुतलेत का? हा प्रश्न खरा आहे, आणि पहिल्याहून अवघड आहे. घराची अब्रू झाकावी असे आईचे म्हणणे; आपले सांगणे कुणापर्यंत तरी पोचावे असे मुलीचे. दोघींचेही राखणे मला जमणारे नव्हते. मी आमच्या शाळेतल्या एका ज्येष्ठ बाईंना सांगितले. त्या माझ्यासारख्या विचारवंत नसल्यामुळे धान्याची पिशवी घेऊन सरळ त्या घरी गेल्या. वडिलांचे काम मार्चपासून सुटले होते. माणूस वाईट म्हणावा असा नव्हता, बाई म्हणाल्या. पण दिवसभर एका खोलीत बसून त्याचे हात वाईट झाले होते. निघताना जिन्यात बाईंनी आईच्या हाती एका चिठोऱ्यावर १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक लिहून दिला. तो कधी फिरवला गेला का, मला ठाऊक नाही. गाड्या सुरू झाल्यावर मायलेकी दोन महिने मामाकडे जाऊन राहिल्या, मग परत आल्या. जे झाले ते एवढेच. पुरेसे झाले असे माझ्याने म्हणवत नाही.

याच सुमारास एका जुन्या पुस्तकात मी फ्रीडल डिकर-ब्रँडाइस या चित्रकार बाईंविषयी वाचले. टाळेबंदीची आणि छळछावणीची तुलना करण्याइतका मी अविचारी नाही. मला तिथे दिसली ती एक चित्रकलेची मास्तरीण. वायमारच्या बाउहाउस कलाशाळेत शिकलेल्या या ज्यू बाईंना १९४२च्या डिसेंबरात तेरेझीनच्या वस्तीत कोंडण्यात आले. तिथे त्यांनी कोंडलेल्या मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेतले. कागद मिळेल तो, कचेरीच्या छापील फॉर्मांची पाठसुद्धा. मुलांनी घरे काढली, टेबले काढली, खिडक्या काढल्या. १९४४च्या ऑक्टोबरात बाईंचा आउशवित्झला अंत झाला. जाण्यापूर्वी त्यांनी सुमारे ४५०० चित्रे दोन सुटकेसांत भरून लपवून ठेवली होती. ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. बाई मुलांना आपापल्या चित्रावर नाव घालायला लावीत. त्यांतली बहुतेक मुले वाचली नाहीत. नावे राहिली.

हे वाचून मला आधी शरम वाटली आणि मग गोंधळ झाला. एकीने नाव घालायला लावले ते बरोबर होते. मी नावासकट चित्र लोकांपुढे ठेवले ते चूक होते. दोन्ही चित्रकलेचेच शिक्षक. फरक हेतूचा म्हणावा तर माझाही हेतू कौतुकाचाच होता. मला वाटते फरक इतकाच, की त्या बाईंनी सुटकेस बंद केली होती. कुणी तरी, केव्हा तरी, उघडील. पण आज, या वस्तीत, शेजाऱ्यांपुढे नाही. साक्ष जपणे निराळे आणि साक्षीदाराला चौकात उभे करणे निराळे. हे कळायला बुद्धी लागत नाही, थोडे थांबावे लागते. फोनच्या त्या छोट्या बाणावर बोट ठेवताना थांबायला वेळच नसतो. पण हे कारण झाले, सबब झाली नाही.

२०२२च्या जानेवारीत शाळा पुन्हा नीट भरू लागली. काही मुलांनी आपापले मूळ नकाशे आणून दिले. ते मी एका पाकिटात ठेवले आहेत. पलंगवाल्याचा कागद तेलकट झाला होता. रत्नागिरीच्या मुलाने विहिरीला मागाहून निळा रंग भरला होता. ती मुलगी आली, बसली, तांब्याचे आणि फुलदाणीचे वस्तुचित्र काढू लागली. छाया उत्तम घालायची. मी काही विचारले नाही. तिनेही काही सांगितले नाही.

तिच्या नकाशाचा फोटो मात्र माझ्या जुन्या फोनमध्ये राहिला होता. ग्रुपवरून काढला, पण स्वतःजवळचा पुसला नाही. का नाही, याला मी अनेक कारणे देऊ शकतो आणि त्यांतले एकही मला संपूर्ण खरे वाटत नाही. मी कादंबऱ्या लिहितो. दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे बाळगणे ही माझी जुनी खोड आहे.

गेल्या वर्षी ती दाखल्यावर सही घ्यायला शाळेत आली. आता उंच झाली आहे, कॉलेजात जाते. मी तिला थांबवले आणि जे सांगायचे ते सांगितले; की तो फोटो माझ्याकडे आहे, आणि त्यावर मला काही लिहायचे आहे, ती नको म्हणाली तर लिहिणार नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बघू?"

मी जुना फोन चार्जिंगला लावून चालू केला. तिने चित्र दोन बोटांनी मोठे केले, लहान केले, पुन्हा मोठे केले. सूची वाचली. एका जागी तिचे बोट थांबले.

"मोरी केवढी काढली होती मी, सर," ती म्हणाली. "एवढी कुठे होती? बसलं तर गुडघे दाराला लागायचे."

मी विचारले, "पुसून टाकू का?"

"नको. तुमच्याकडे राहू दे." ती दाखला घडी घालून पिशवीत ठेवत होती. "लिहा तुम्ही. पण घरी पाठवू नका हं."